टूडी मटेरिअल आणि ऑक्साइड फिल्म, एकच माणूस दोन्हीवर का काम करतो?

अणुरेणू_०७ :
नमस्कार मंडळी, मी एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पीएचडी मटेरिअल सायन्समध्येच करायची हे पक्कं ठरलंय. ज्यांच्याकडे अर्ज करायचा विचार आहे त्यांचे पेपर सध्या वाचतेय. त्यातले अर्धे ग्राफीन, मॉलिब्डेनम डायसल्फाइड, हेक्सागोनल बोरॉन नायट्राइड असल्या टूडी मटेरिअलवर (म्हणजे एखाद-दोन थरांइतक्या पातळ पदार्थांवर) आहेत आणि उरलेले अर्धे हाफ्निअम ऑक्साइड, अॅल्युमिनिअम ऑक्साइड, स्ट्रॉन्शिअम टायटनेट यांच्या पातळ फिल्म्सवर. आम्हाला हे दोन्ही अगदी वेगळे विषय म्हणून शिकवलेत, टूडी नॅनोच्या पेपरात आणि ऑक्साइड म्हणजे सिरॅमिक, डायइलेक्ट्रिक वगैरे. मग एकच माणूस दोन्हीकडे का आहे? यांच्यात आतून काही जोड आहे का, की दोन स्वतंत्र विषय एका लॅबमध्ये चाललेत एवढंच?

दुसरं म्हणजे एका पेपरात वाचलं की ग्राफीनवर एएलडीने (वाफेतून थर चढवायच्या तंत्राने) ऑक्साइडची फिल्म नीट बसतच नाही. ग्राफीन तर अणूच्या पातळीवर सपाट, मग त्यावर सगळ्यात छान बसायला हवी ना? आणि तिसरं, फ्रीस्टँडिंग ऑक्साइड मेंब्रेन हा प्रकार मला कळलेला नाही, ऑक्साइडला ग्राफाइटसारखे सुटे पदर नसतात तर तो सब्स्ट्रेटवरून सोडवतात कसा? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा, व्याख्या पुस्तकात आहेत, लॅबमध्ये खरंच काय होतं ते ऐकायचंय.

थिनफिल्मवाला :
चांगला प्रश्न आहे आणि दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचं उत्तर आहे, म्हणून आधी तो घेतो.

एएलडी म्हणजे अॅटॉमिक लेअर डिपॉझिशन, फिनलंडच्या तुओमो सुंतोलांनी १९७४ च्या सुमारास हे तंत्र डिस्प्लेसाठी उभं केलं. अॅल्युमिनिअम ऑक्साइडचं उदाहरण घे. चेंबरमध्ये आधी ट्रायमिथाइल अॅल्युमिनिअमची वाफ सोडतात, ती पृष्ठभागावरच्या ओएच गटांशी रिअॅक्ट होते, मिथेन निघून जातो आणि अॅल्युमिनिअम तिथे बांधला जातो. उरलेली वाफ नायट्रोजनने धुऊन काढायची, मग पाण्याची वाफ सोडायची, ती उरलेले मिथाइल गट काढून पुन्हा ओएच बसवते, झाली एक सायकल. एका सायकलला साधारण ०.१ नॅनोमीटर वाढते. सगळा खेळ त्या ओएचवर आहे. सिलिकॉनवरच्या ऑक्साइडवर ते भरपूर असतात, म्हणून पहिल्या सायकलपासून फिल्म एकसारखी वाढते. ग्राफीनवर ते नसतातच. तिथल्या प्रत्येक कार्बनचे बंध प्लेनमध्येच पुरे झालेले असतात, वर काही मोकळं उरत नाही, त्यामुळे प्रिकर्सर (म्हणजे ती धातूची वाफ) येतो, जरा टेकतो आणि निघून जातो, अळवावरच्या पाण्यासारखा. सपाट आहे म्हणून बसत नाही असं नाही, त्याला धरायला काही नाही म्हणून बसत नाही.

मग ऑक्साइड कुठे वाढतो? जिथे ग्राफीन बिघडलंय तिथे. कडा, पायऱ्या, ग्रेन बाउंड्री, सुरकुत्या, तुटके अणू. एएफएमखाली (बारीक टोकाने पृष्ठभाग चाचपणाऱ्या मायक्रोस्कोपखाली) पाहिलं की पायऱ्यांच्या रेषेवर ऑक्साइडचे मणी ओळीने बसलेले दिसतात आणि मधला भाग साफ कोरा. जाडी वाढवत गेलं की हे मणी एकमेकांना भिडतात आणि फिल्म झाल्यासारखी दिसते पण मध्ये पिनहोल राहतात, आणि गेट (ट्रान्झिस्टर चालू-बंद करणारा इलेक्ट्रोड) बिघडायला एक पिनहोल पुरतो, करंट तिथूनच पळतो. मॉलिब्डेनम डायसल्फाइडवरही हेच होतं, तिथे वरचा थर गंधकाचा आणि तोही तृप्त.

आता हे एवढं महत्त्वाचं का ते सांगतो. सिलिकॉन चॅनल (ट्रान्झिस्टरमधला करंट वाहतो तो भाग) ३-४ नॅनोमीटरच्या खाली पातळ केलं की जाडीतले बारीकसे चढउतारही इलेक्ट्रॉनला अडवायला लागतात आणि मोबिलिटी (इलेक्ट्रॉन किती सहज धावतात ते) कोसळते. डायसल्फाइडचा एक थर जेमतेम ०.६५ नॅनोमीटर, तरी तो पूर्ण क्रिस्टल असतो, जाडी सगळीकडे तीच आणि बँडगॅप (इलेक्ट्रॉनला वाहतं व्हायला लागणारी किमान ऊर्जा) १.८ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास. म्हणून पुढच्या काळातल्या छोट्या ट्रान्झिस्टरसाठी लोक त्याच्याकडे बघतात. पण ट्रान्झिस्टर म्हणजे नुसतं चॅनल नाही, त्यावर गेट हवं आणि गेट व चॅनलच्या मध्ये पातळ, न गळणारं इन्सुलेटर हवं. सिलिकॉनचं नशीब असं की तो तापवला की त्याचाच ऑक्साइड तयार होतो आणि तो उत्तम इन्सुलेटर निघतो. तोसुद्धा १.२ नॅनोमीटरपर्यंत आल्यावर टनेलिंगने (इलेक्ट्रॉन थेट आरपार जाऊन) गळायला लागला म्हणून २००७ मध्ये इंटेलने ४५ नॅनोमीटरच्या पिढीत हाफ्निअमचा ऑक्साइड आणला. हिशोब सोपा आहे, सिलिकॉन डायऑक्साइडचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (जितका जास्त तितकी त्याच जाडीला गेटची पकड जास्त) ३.९, हाफ्निअम ऑक्साइडचा २० धरला तर ५ नॅनोमीटर जाड हाफ्निअम ऑक्साइड गेटला १ नॅनोमीटर सिलिकॉन डायऑक्साइडसारखाच वाटतो, पण इलेक्ट्रॉनला मात्र पूर्ण ५ नॅनोमीटर ओलांडायचे असतात. हेच गेट टूडी चॅनलवर बसवायला गेलं की आधी सांगितलेली अडचण समोर येते.

त्यामुळे टूडीवर गंभीरपणे काम करणारा माणूस ऑक्साइडकडे येतोच, त्याला यावंच लागतं. विषय दोन नाहीत, एकच आहे आणि तो म्हणजे या दोघांच्या मधली सीमा.

अणुरेणू_०७ :
दादा खूप छान समजावलंत, ओएचचा मुद्दा कुठल्याच लेक्चरमध्ये आला नव्हता. पण मग पेपरांमध्ये टॉप गेट असलेले टूडी ट्रान्झिस्टर तर ढिगाने दिसतात, ते कसे करतात?

थिनफिल्मवाला :
आधी काहीतरी पकड तयार करतात. सगळ्यात जुना आणि सरळ मार्ग म्हणजे १-२ नॅनोमीटर अॅल्युमिनिअम धातू व्हॅक्यूममध्ये हलक्या हाताने बसवायचा, तो हवेत आपोआप ऑक्सिडाइज होतो आणि त्याच्यावर एएलडी नेहमीसारखी चालते. चालतं हे, पण त्या सीड लेअरचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट कमी, म्हणजे हाफ्निअमने जे कमावलं त्यातलं बरंच तिथे जातं, आणि त्यातले चार्ज चॅनलला डोप करतात (त्यातल्या वाहकांची संख्या बदलतात). ओझोन हा दुसरा मार्ग. डायसल्फाइडवर जपून दिला तर गंधकाच्या वर ऑक्सिजन बसतो आणि खालचे बंध टिकतात, पण जास्त झालं की मटेरिअलच खाल्लं जातं, ग्राफीनला तर लगेच डिफेक्ट पडतात, रमणमध्ये (विखुरलेल्या लेझरच्या प्रकाशावरून अणूंची कंपनं मोजायच्या पद्धतीत) १३५० प्रति सेंमीच्या आसपासचा डी पीक वर आला की समजायचं. काही गट एक थर सेंद्रिय रेणूंचा पसरतात आणि त्याच्यावर ऑक्साइड वाढवतात, मला हा मार्ग सगळ्यात सभ्य वाटतो कारण खालच्या क्रिस्टलला कोणी हात लावत नाही. तापमान कमी ठेवून पाण्याला पृष्ठभागावर नुसतं चिकटून राहायला वेळ देणं असाही एक प्रकार आहे, पण कमी तापमानाच्या ऑक्साइडमध्ये कचरा राहतो, कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा. एकीकडे सुधारलं की दुसरीकडे काहीतरी द्यावं लागतं.

सब्स्ट्रेट_ताई :
वरचं सगळं बरोबर, पण सगळे वरच्या ऑक्साइडबद्दलच बोलताय, खालच्याचं पण ऐका, कारण गोष्ट तिथूनच सुरू होते.

२००४ मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोवोसेलोव यांनी चिकटपट्टीने ग्राफाइट सोलून ग्राफीन वेगळं केलं, २०१० चं नोबेल त्यासाठीच, हे सगळ्यांना माहीत असतं. पण सोललेल्या हजारो तुकड्यांत एका अणूइतका जाड तुकडा शोधायचा कसा? ग्राफीन प्रकाशाचा फक्त २.३ टक्के भाग शोषतं. तो साध्या मायक्रोस्कोपमध्ये दिसला याचं श्रेय सिलिकॉनवरच्या ३०० नॅनोमीटर ऑक्साइड फिल्मला आहे. त्या जाडीला इंटरफिअरन्समुळे ग्राफीन असलेल्या आणि नसलेल्या भागाच्या रंगात डोळ्याला कळेल इतका फरक पडतो. आणि हे किती नाजूक आहे बघ, ३०० ऐवजी ३१५ नॅनोमीटरचा ऑक्साइड असेल तर एक थराचं ग्राफीन दिसेनासं होऊ शकतं, हे त्यांनी स्वतःच २००७ मध्ये लिहून ठेवलंय. म्हणजे टूडी मटेरिअलचा सगळा शोध एका ऑक्साइड फिल्मवर उभा आहे, आणि तुला शिकवताना ते दोन वेगळ्या पेपरांत टाकले याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण तोच सिलिकॉन डायऑक्साइड नंतर डोकेदुखी झाला. तो अमॉर्फस, खडबडीत, त्यात अडकलेले चार्ज, पृष्ठभागावर पाण्याचे रेणू. ग्राफीन म्हणजे अख्खं पृष्ठभागच असल्यामुळे त्या प्रत्येक चार्जची सावली त्याच्यावर पडते, काही ठिकाणी इलेक्ट्रॉन जास्त तर काही ठिकाणी होल जास्त अशी डबकी तयार होतात. वर ऑक्साइडचे स्वतःचे ऑप्टिकल फोनॉन (अणूंची कंपनं) इलेक्ट्रॉनला ढकलत असतात, ते खोलीच्या तापमानाला चांगलेच जाणवतात. २०१० मध्ये ग्राफीन बोरॉन नायट्राइडवर ठेवलं आणि मोबिलिटी एकदम सुधारली, कारण बोरॉन नायट्राइडही थरांचं, सपाट आणि मोकळे बंध नसलेलं. तेव्हापासून जगातल्या बहुतेक चांगल्या डिव्हाइसमधला बोरॉन नायट्राइड जपानच्या त्सुकुबामधल्या एनआयएमएसच्या वातानाबे आणि तानिगुची या दोघांच्या क्रिस्टलमधून आलाय, पेपरांत त्यांची नावं सतत का दिसतात ते आता कळेल.

मग गेटलाही बोरॉन नायट्राइडच का नाही वापरत, हा पुढचा प्रश्न तुला पडेलच. त्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ३ ते ४, म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइडएवढाच. पातळ केला की गळतो. सीमा एकदम स्वच्छ पण गेटची ताकद कमी, आणि हाफ्निअम ऑक्साइडची ताकद भरपूर पण सीमा घाण. या दोघांच्या मधलं काहीतरी शोधणं हेच सध्या कितीतरी लॅबचं रोजचं काम आहे.

पेरोव्स्काइट_प्रेमी :
तिसऱ्या प्रश्नाला कोणी हातच लावला नाही म्हणून लिहितोय, आणि माझं काम ऑक्साइडच्या बाजूचं असल्यामुळे जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी एक गोष्ट, टूडी हा शब्द फक्त सोललेल्या क्रिस्टलपुरता नाही. ग्राफीनचा पेपर आला त्याच वर्षी, २००४ मध्ये, ओहतोमो आणि ह्वांग यांनी दाखवलं की लँथॅनम अॅल्युमिनेट आणि स्ट्रॉन्शिअम टायटनेट हे दोन्ही चांगले इन्सुलेटर, पण एकावर दुसरा नीट वाढवला तर मधल्या सीमेवर इलेक्ट्रॉनचा पातळ वाहक थर तयार होतो. पुढे कळलं की वरचा थर किमान ४ युनिट सेल जाड असेल तरच तो वाहक होतो, ३ ला काही नाही. २००७ मध्ये त्याच सीमेवर ०.२ केल्विनच्या आसपास सुपरकंडक्टिव्हिटी दिसली. इलेक्ट्रॉन येतात कुठून यावर लोक वर्षानुवर्षं भांडलेत, ध्रुवीय थरांमुळे साठणारं पोटेन्शिअल की वाढवताना झालेल्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा, आणि माझ्या मते नमुना कुठल्या ऑक्सिजन प्रेशरला वाढवला हे विचारल्याशिवाय त्यातला कुठलाच पेपर वाचू नये. म्हणजे परत तेच, वरचं मटेरिअल साधं, खालचं साधं, सगळी गंमत सीमेत.

या फिल्म बहुतेक वेळा पीएलडीने (पल्स्ड लेझर डिपॉझिशनने) वाढवतात, लेझरचे झटके टार्गेटवर मारायचे, त्यातून उडालेला प्लूम तापलेल्या सब्स्ट्रेटवर बसतो, आणि आरहीडचा (पृष्ठभागावर तिरका इलेक्ट्रॉन बीम मारून मिळणारा) सिग्नल वरखाली होताना थर मोजायचे. एक झोका म्हणजे एक थर पुरा. स्ट्रॉन्शिअम टायटनेटचा युनिट सेल ०.३९०५ नॅनोमीटर, आणि पहिल्यांदा तो झोका स्क्रीनवर स्वच्छ दिसतो ना, तेव्हा आपण अणू रचतोय हे पटतं.

आता सोडवायचं कसं. तुझं म्हणणं खरंय, पेरोव्स्काइटचे (स्ट्रॉन्शिअम टायटनेट ज्या रचनेचा आहे त्या ऑक्साइडचे) बंध तिन्ही दिशांना असतात, चिकटपट्टीने काही निघत नाही. म्हणून सब्स्ट्रेट आणि फिल्मच्या मध्ये असा एक थर वाढवतात जो नंतर विरघळवता येतो. २०१६ मध्ये ह्वांग यांच्याच गटाने स्ट्रॉन्शिअम अॅल्युमिनेटचा थर वापरला, तो साध्या पाण्यात विरघळतो, कुठलंही अॅसिड नको. त्याचा क्रिस्टल पेरोव्स्काइटशी छान जुळतो, त्यामुळे वरची फिल्म सिंगल क्रिस्टल वाढते, मग वर पॉलिमरचा आधार देऊन नमुना पाण्यात ठेवायचा, मधला थर गेला की फिल्म सुटते आणि पाहिजे तिथे नेऊन ठेवता येते. आणखी एक वाट २०१७ मध्ये एमआयटीच्या जीहवान किम यांच्या गटाने दाखवली, सब्स्ट्रेटवर ग्राफीनचा एक थर ठेवायचा आणि त्याच्यावर फिल्म वाढवायची, ग्राफीन इतकं पातळ की खालच्या क्रिस्टलची ओढ त्यातून वर पोचते आणि फिल्म त्याच मांडणीत वाढते, पण पकड सैल असल्यामुळे नंतर सोलून निघते. ऑक्साइडला हे जास्त कठीण कारण त्याला वाढायला ऑक्सिजन आणि उष्णता लागते आणि त्यात ग्राफीन जळतं, तरी २०२० पर्यंत तेही जमवलं गेलं.

आता हे वरच्या चर्चेला जोडून बघा. डायसल्फाइडवर ऑक्साइड वाढवता येत नाही ना, मग वाढवूच नका. दुसरीकडे नीट ८०० डिग्रीला वाढवा, सोडवा आणि वर ठेवा. २०२२ मध्ये स्ट्रॉन्शिअम टायटनेटच्या मेंब्रेनने टूडी ट्रान्झिस्टरला असंच गेट बसवलं गेलं, सिलिकॉन डायऑक्साइडच्या हिशोबात जाडी १ नॅनोमीटरच्या खाली आली. बल्कमध्ये याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट खोलीच्या तापमानाला ३०० च्या घरात असतो. मला तर हीच पुढची दिशा वाटते.

थिनफिल्मवाला :
पेरोव्स्काइट_प्रेमी, तुमच्या फिल्मबद्दल आदर आहे पण दिशा हीच, हे मला पटत नाही. स्ट्रॉन्शिअम टायटनेटचा बँडगॅप ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, हाफ्निअम ऑक्साइडचा ५.५ च्या वर. इलेक्ट्रॉनला चढायला उंबरठाच कमी राहतो, त्यामुळे गळती लवकर सुरू होते. मेंब्रेन आणि चॅनलमध्ये व्हॅन डर वाल्सची फट राहते ती सिरीजमध्ये कमी डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंटचं कपॅसिटर होऊन बसते, म्हणजे ३०० चा फायदा पूर्ण कधीच हाती येत नाही. आणि डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट फार जास्त असला तर छोट्या डिव्हाइसमध्ये ड्रेनची (चॅनलच्या टोकाच्या इलेक्ट्रोडची) फील्ड लाइन इन्सुलेटरमधूनच वळसा घालून चॅनलवर पोचते. शिवाय पाण्यात सोडवून उचलून ठेवणं हे मिलिमीटरच्या तुकड्यावर ठीक, ३०० मिलिमीटरच्या वेफरवर सुरकुती, बुडबुडा, तडा न जाता करणं ही वेगळीच गोष्ट.

पेरोव्स्काइट_प्रेमी :
फटीचा मुद्दा मान्य, पण तीच फट चॅनलला ऑक्साइडमधल्या डिफेक्टपासून लांबही ठेवते, ते तुम्ही मोजत नाही आहात. गळतीवर म्हणाल तर मेंब्रेन एकाच ऑक्साइडची असायला हवी असं कुठेय, मोठ्या बँडगॅपच्या ऑक्साइडचा एक पातळ थर त्यातच वाढवता येतो, पीएलडीमध्ये टार्गेट बदललं की झालं. वेफरचं मात्र खरंय, त्यावर अजून खूप काम लागणार.

अणुरेणू_०७ :
सगळ्यांचे मनापासून आभार, मी हे सगळं वहीत उतरवून घेतेय. आता दोनच शंका राहिल्या. सिलिकॉनसारखा स्वतःचाच चांगला ऑक्साइड देणारं टूडी मटेरिअल नाहीच का? आणि अर्ज करायच्या आधी मी नेमकं काय शिकून घेऊ, कारण आमच्याकडे एएलडी किंवा पीएलडी काहीच नाही.

रमण_शिफ्ट :
पहिल्या शंकेबद्दल, आहेत. डायसल्फाइड ऑक्सिडाइज केलं की मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइड होतो, तो चांगला इन्सुलेटर नाही, उलट चॅनलमधून इलेक्ट्रॉन ओढतो, म्हणून तो रस्ता बंद. पण हाफ्निअम डायसेलेनाइड आणि झिर्कोनिअम डायसेलेनाइड ऑक्सिडाइज केले की थेट हाफ्निअम आणि झिर्कोनिअमचे ऑक्साइड मिळतात, २०१७ मध्ये यावर काम आलं. अडचण अशी की ही मटेरिअल हवेत आपोआपच ऑक्सिडाइज होत राहतात, ग्लोव्ह बॉक्सशिवाय हात लावता येत नाही. मला सगळ्यात सुंदर वाटतं ते बिस्मथ ऑक्सिसेलेनाइड. त्याचा वरचा भाग ऑक्सिडाइज करून बिस्मथ सेलेनाइट बनवतात, डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट साधारण २१, आणि खालचा सेमीकंडक्टर शाबूत राहतो, २०२० मध्ये चीनमधल्या पेकिंग विद्यापीठाच्या हायलिन पेंग यांच्या गटाने ते दाखवलं. इथे सीड लेअर नको, उचलून ठेवणं नको, त्यामुळे वरचे दोघे ज्यावर भांडतायत ते इथे येतच नाही. अर्थात बिस्मथला फॅबमध्ये (चिपच्या कारखान्यात) घ्यायला सगळे सहजी तयार होतील असं नाही.

शिकण्याबद्दल. वाढवायची मशीन तिथे गेल्यावर शिकशीलच, मोजणं आणि आकडा पारखणं आत्ताच शीक. कुठे रमण मिळत असेल तर डायसल्फाइडचे दोन पीक बघ, ३८४ आणि ४०३ प्रति सेंमीच्या आसपास. एका थराला त्यांच्यातलं अंतर १९ असतं, थर वाढतील तसं २५ पर्यंत जातं. एएफएममध्ये ऑक्साइडवरच्या ग्राफीनची उंची ०.३३५ नॅनोमीटर येईल अशी अपेक्षा ठेवू नकोस, खाली पाण्याचा थर आणि टिपची वेगळी ओढ यामुळे ०.८, १ असे आकडे येतात, म्हणून थर मोजायला रमण जास्त भरवशाचं. ऑक्साइडच्या बाजूने एलिप्सोमेट्री (परावर्तित प्रकाशावरून जाडी मोजणं) आणि एक्सपीएसचा (क्ष-किरणांनी पृष्ठभागाची रासायनिक तपासणी) डेटा फिट करायला शीक, त्याला मशीन लागत नाही, प्रकाशित डेटावर सराव होतो.

आणि पेपर वाचताना एक उदाहरण डोक्यात ठेव. २०११ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या गटाने एक थराच्या डायसल्फाइडवर ३० नॅनोमीटर हाफ्निअम ऑक्साइडचं टॉप गेट बसवलं, ऑन-ऑफ रेशो १० चा ८ वा घात आला, त्या कामाने अख्खं क्षेत्र जागं केलं आणि ते तितकं मोठं आहेच. पण मोबिलिटी सुमारे २०० (चौ. सेंमी प्रति व्होल्ट-सेकंद) निघाली होती आणि २०१३ मध्ये दुसऱ्यांनी दाखवून दिलं की वरच्या ऑक्साइडमुळे बॅक गेटचं (चॅनलच्या खालच्या गेटचं) कपलिंग वाढतं, ते हिशोबात न धरल्यामुळे आकडा बराच फुगला. म्हणजे मटेरिअलचा म्हणून सांगितलेला गुण थोडाफार ऑक्साइडचा होता. म्हणून कुठलाही टूडी ट्रान्झिस्टरचा पेपर हातात आला की कपॅसिटन्स मोजलाय की गृहीत धरलाय ते आधी बघ, मग हिस्टेरेसिसचा (व्होल्टेज वर नेताना आणि खाली आणताना करंटमध्ये पडणाऱ्या फरकाचा) आलेख, स्वीप दोन्ही दिशांनी दिलाय का, किती वेगाने केलाय, कारण ऑक्साइडमधले ट्रॅप (इलेक्ट्रॉन अडकून बसायच्या जागा) हळू भरतात आणि वेगाने स्वीप केलं की ते दिसतच नाहीत. ज्यांच्याकडे अर्ज करतेयस त्यांच्या एखाद्या पेपरमधला असा आलेख घेऊन त्यांना थेट विचार, हे ट्रॅप टूडीमधले आहेत की ऑक्साइडमधले हे तुम्ही कसं ठरवलंत.

सब्स्ट्रेट_ताई :
रमण_शिफ्ट यांच्या शेवटच्या प्रश्नाला माझं अनुमोदन, आणि सोबत एवढंही विचार की टूडी क्रिस्टल आणि ऑक्साइड दोन्ही त्यांच्याच लॅबमध्ये वाढवतात का, की एक बाहेरून येतं. नमुना एका जागेवरून दुसरीकडे हवेतून जात असेल तर सीमेवर पाणी आणि कार्बन बसणारच, आणि मग तुझी पहिली दोन वर्षं ते स्वच्छ करण्यातच जातील. एएलडी आणि ग्लोव्ह बॉक्स जोडलेले असतील तर डोळे मिटून अर्ज कर.